होम अलोनच्या गावातली सरकारी शाळा

(ताज्या एपिसोडचं शब्दांकन. अडखळणं आणि 'अं… अं…' काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

'होम अलोन' बघितलाय ना? नसेल बघितला असं होणारच नाही, दर डिसेंबरमध्ये टीव्हीवर लागतोच. आठ वर्षांचा केविन, लाल विटांचं ते भलंमोठं घर, दोन येडे चोर. ते घर खरं आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात, शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठावर विनेट्का नावाचं गाव आहे, तिथलं. २०२४ मध्ये ते विक्रीला काढलं तेव्हा मागणी होती साडेबावन्न लाख डॉलर. रुपयांत तुम्हीच करा.

आता माझा प्रश्न असा, की हा केविन चौदा वर्षांचा झाल्यावर कुठल्या शाळेत गेला असता? एवढ्या श्रीमंत घरातला पोरगा, म्हणजे एखाद्या महागड्या प्रायव्हेट शाळेत, बरोबर? तसं नाही. बहुतेक तो गावातल्या सरकारी शाळेतच गेला असता. फी शून्य. शाळेचं नाव न्यू ट्रिअर हायस्कूल. आणि गंमत म्हणजे सिनेमातल्या घराच्या आतले बरेचसे सेट याच शाळेच्या नॉर्थफिल्डमधल्या दुसऱ्या इमारतीत उभारले होते. ती इमारत तेव्हा शाळा म्हणून बंद होती, त्यामुळे जिमखान्याची रिकामी जागा शूटिंगवाल्यांना आयतीच मिळाली.

आजचा एपिसोड या शाळेवर. फुकट शिक्षण देणारी सरकारी शाळा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या शाळांपैकी एक कशी झाली, आणि 'फुकट' या शब्दाचा तिथे नेमका अर्थ काय, हे आज बघू.

आधी एक घोळ मिटवतो. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटलं की डोळ्यांसमोर टाय, ब्लेझर आणि लाखभर रुपये फी येते. हा ब्रिटिशांचा वारसा. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे अक्षरशः लोकांची शाळा. करातून चालणारी, त्या भागातल्या प्रत्येक मुलाला प्रवेश द्यायलाच लागेल अशी. रजिस्ट्रेशन, पार्किंग, बँडचा गणवेश असे बारीकसारीक खर्च असतात, पण ट्यूशन फी नाही. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, चार वर्षं. आपल्यासारखी मध्येच दहावीची भिंत नाही, अकरावीला नव्या कॉलेजची धावपळ नाही.

न्यू ट्रिअर १९०१ मध्ये सुरू झाली. हे नाव जर्मनीतल्या ट्रिअर शहरावरून आलंय, कारण तिथून आलेले लोक या भागात आधी वसले होते. आज विद्यार्थी साधारण पावणेचार ते चार हजार. नववीची सगळी पोरं नॉर्थफिल्ड कॅम्पसवर, दहावी ते बारावी विनेट्काच्या मुख्य इमारतीत. नॉर्थफिल्डची इमारत म्हणजे तीच, होम अलोनवाली. ती १९६५ मध्ये वेगळी शाळा म्हणून बांधली होती, नंतर मुलांची संख्या घटली म्हणून १९८० च्या दशकात बंद केली आणि मुलं पुन्हा वाढल्यावर २००१ पासून नववीसाठी उघडली.

आत काय आहे ते ऐका. १९१३ मध्येच शाळेत इनडोअर स्विमिंग पूल होता. १९१३! शाळेचं स्वतःचं एफएम रेडिओ स्टेशन आहे, डब्ल्यूएनटीएच, ८८.१ वर. १९६१ पासून पोरंच चालवतात. मी हा पॉडकास्ट कपाटात कपडे लावून, त्यातच तोंड खुपसून रेकॉर्ड करतो, त्यामुळे मला हे वाचून किती जळजळ झाली असेल बघा. पीटीच्या तासाला तिथे 'कायनेटिक वेलनेस' म्हणतात, हे नाव मात्र मला एखाद्या कॉर्पोरेट एचआरने दिल्यासारखं वाटतं. वेगवेगळ्या खेळांत मिळून शंभराहून जास्त राज्य अजिंक्यपदं.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पूल नाही, रेडिओ नाही. अ‍ॅडव्हायजरी नावाची एक पद्धत तिथे आहे. चार हजारांच्या शाळेत एखादा पोरगा सहज हरवून जाऊ शकतो. प्रत्येकाचं टाइमटेबल वेगळं, दर तासाला वर्ग वेगळा, शेजारी बसणारा वेगळा. म्हणून १९२० च्या दशकात त्यांनी असं सुरू केलं, की साधारण पंचवीसेक मुलांचा एक गट करायचा, त्याला एक शिक्षक द्यायचा, आणि हा गट रोज सकाळी थोडा वेळ एकत्र बसणार. काही वर्षं तोच गट, तोच शिक्षक. विषय शिकवायचा नाही. कोण कसा आहे, कोणाचे मार्क अचानक घसरले, कोण आठवडाभर गप्प आहे, एवढंच बघायचं. मी इंजिनिअरिंगला होतो तिथे चार वर्षांत माझं नाव न अडखळता घेणारे प्राध्यापक मोजून तीन होते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी एवढा साधा विचार केला, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो. एकच विषय वेगवेगळ्या लेव्हलला घेता येतो. गणितात वरची लेव्हल आणि इतिहासात मधली, असं चालतं. सगळ्यात वर एपी कोर्सेस, म्हणजे कॉलेजच्या तोडीचे. बोर्डाची परीक्षा नाही, चार वर्षांचे ग्रेड्स मिळून जे होतं ते.

आता पैशांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

सरकारी शाळा म्हटल्यावर आपल्या डोक्यात येतं की पैसे राज्य सरकार देतं. आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, मग शाळा कोथरूडमध्ये असो की किनवटला. अमेरिकेत तसं नाही. तिथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाचं एक वेगळंच छोटं सरकार असतं. नगरपालिकेपासून स्वतंत्र. त्याला स्वतःची हद्द, स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड आणि, सगळ्यात महत्त्वाचं, कर लावायचा अधिकार. न्यू ट्रिअर हा एक अख्खा डिस्ट्रिक्ट आहे, क्रमांक २०३, आणि त्यात हायस्कूल एकच. म्हणजे एका शाळेसाठी एक सरकार! विनेट्का, विल्मेट, केनिलवर्थ, ग्लेन्को, नॉर्थफिल्ड आणि ग्लेनव्ह्यू, नॉर्थब्रुकचे काही तुकडे, एवढी त्याची हद्द. बोर्डावर सात सदस्य, गावातलेच लोक, पगार शून्य.

हा कर लागतो घरांवर. आपल्या घरपट्टीसारखाच, पण रक्कम बघून घेरी येईल. घरमालकाला काउंटीकडून बिल येतं, त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं: हायस्कूलला इतके, प्राथमिक शाळांना इतके, वाचनालयाला इतके, बागांना इतके. बिलातला मोठा वाटा शाळांचाच. न्यू ट्रिअरच्या उत्पन्नातला सिंहाचा वाटा या घरपट्टीतून येतो. राज्याकडून येतात ते चिल्लर म्हणावे असे.

या पद्धतीला एक चांगली बाजू आहे, ती आधी सांगतो. लोकांना थेट विचारावं लागतं. २०१० मध्ये शाळेने मुख्य इमारतीच्या नूतनीकरणासाठी १७ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज काढायची परवानगी मागितली. मतदान झालं. लोक म्हणाले, नाही. करोडपतींचा भाग, तरी नाही! मग शाळेने खर्च छाटला, पुन्हा लोकांसमोर गेली, आणि २०१४ मध्ये ८ कोटी ९० लाखांच्या प्रस्तावाला होकार मिळाला. जुने भाग पाडून नवी बाजू बांधली, २०१७ मध्ये ती वापरात आली. आपल्या गल्लीतला रस्ता दर पावसाळ्यानंतर कोणाला विचारून खोदतात, हा प्रश्न मला इथे उगाचच आठवला.

आता दुसरी बाजू. शाळेचा पैसा घरांच्या किमतीवर अवलंबून असेल, तर जिथे घरं महाग तिथे शाळेकडे पैसा जास्त, हे उघड आहे. पण लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट यात आहे, आणि ती समजायला आकडे लागतात. त्यासाठी जरा शिकागो सोडून टेक्सासला जाऊ, कारण तिथले आकडे थेट अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालात नोंदवलेले आहेत.

सॅन अँटोनियो शहर, १९६७-६८ चं वर्ष. एजवुड नावाचा गरीब डिस्ट्रिक्ट, बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे लोक. त्याच शहरात अलामो हाइट्स नावाचा श्रीमंत डिस्ट्रिक्ट. एजवुडवाल्यांनी घरांच्या दर १०० डॉलर मूल्यामागे १.०५ डॉलर कर लावला, त्या भागातला सगळ्यात जास्त दर. अलामो हाइट्सने लावला फक्त ०.८५. मग राज्याचा ठरलेला हिस्सा वजा केल्यावर दर मुलामागे हातात किती उरले? एजवुडकडे २६ डॉलर. अलामो हाइट्सकडे ३३३.

परत ऐका. गरिबांनी दर जास्त लावला आणि मिळाले २६. श्रीमंतांनी दर कमी लावला आणि मिळाले ३३३. कारण एजवुडमध्ये दर मुलामागे मालमत्ता होती ५,९६० डॉलरची आणि अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांच्या वर. म्हणजे 'तुमच्या शाळा वाईट कारण तुम्हाला शिक्षणाची पर्वा नाही' हे म्हणायची सोयच राहत नाही. पर्वा जास्तच होती. गुणाकारातला दुसरा आकडा लहान होता.

एजवुडच्या पालकांनी कोर्टात धाव घेतली, डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हे त्यातलं पहिलं नाव. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, पालकांच्या विरोधात. कोर्टाचं म्हणणं, अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही, त्यामुळे ही असमानता घटनेच्या विरोधात जात नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉईटच्या एका खटल्यात, पुन्हा ५ विरुद्ध ४, कोर्ट म्हणालं की शहरातल्या शाळांमधली वर्णावर आधारलेली विभागणी मोडायची म्हणून आजूबाजूच्या उपनगरांना त्यात ओढता येणार नाही, त्यांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय. या दोन निकालांनी डिस्ट्रिक्टची हद्द पक्की झाली. पैसाही हद्दीच्या आत, मुलंही हद्दीच्या आत.

मग ही हद्दीच्या आतली माणसं कोण, हे कोणी ठरवलं? चला परत न्यू ट्रिअरच्या भागात. केनिलवर्थ हे गाव जोसेफ सीअर्स नावाच्या उद्योजकाने १८८९ मध्ये जमीन घेऊन वसवलं. प्लॉट मोठे हवेत, घरांमागे गल्लीबोळ नकोत, असे त्याचे नियम होते. आणि एक नियम असा, की विक्री फक्त गोऱ्यांनाच. हे लपूनछपून नव्हतं, गाव वसवतानाच ठरलेलं होतं. आजूबाजूच्या गावांमध्येही इस्टेट एजंट कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं दाखवतच नसत. १९६५ च्या उन्हाळ्यात याविरोधात इथल्याच काही रहिवाशांनी आणि कॉलेजच्या पोरांनी मोहीम काढली. २५ जुलैला विनेट्काच्या गावमैदानावर त्यांनी भाषणाला बोलावलं ते मार्टिन ल्यूथर किंग यांना. हजारो लोक जमले. लक्षात घ्या, १९६५ म्हणजे नॉर्थफिल्डची नवीकोरी इमारत उघडली तेच वर्ष. घरविक्रीतला भेदभाव देशभर बेकायदा ठरायला १९६८ उजाडलं. आज कायद्याने कोणीही विनेट्कात घर घेऊ शकतं. फक्त पैसे हवेत.

आणि आता २००८. माझ्या मते या शाळेच्या इतिहासातला सगळ्यात बोलका दिवस.

२ सप्टेंबर २००८, शिकागो शहरातल्या सरकारी शाळांचा पहिला दिवस. जेम्स मीक्स नावाचे राज्य सिनेटर, जे पाद्रीही होते, त्यांनी शहरातल्या पालकांना सांगितलं की आज मुलांना शाळेत पाठवू नका. हजाराहून जास्त मुलं बसगाड्या भरून निघाली ती थेट न्यू ट्रिअरच्या नॉर्थफिल्ड कॅम्पसवर. दगडफेक नाही, घेराव नाही. ती मुलं रांगेत उभी राहिली आणि प्रवेशाचे अर्ज भरले. शाळेनेही टेबलं मांडून अर्ज घेतले. प्रवेश मिळणार नाही हे दोन्ही बाजूंना माहीत होतं, कारण पत्त्याच्या रकान्यात शिकागो लिहिलं होतं. तेव्हा न्यू ट्रिअरचा दर मुलामागे वर्षाचा खर्च होता जवळपास १७ हजार डॉलर, शिकागोचा सुमारे १० हजार. मला हे आंदोलन फार हुशार वाटतं. व्यवस्थेला शिव्या दिल्या नाहीत, फक्त तिचा फॉर्म भरून दाखवला. कोडमधला बग दाखवायचा असेल तर आम्हीही हेच करतो, इनपुट देतो आणि एरर मेसेज सगळ्यांना वाचायला लावतो.

त्या दिवशी काहीच बदललं नाही. पण २०१५ मध्ये हेच मीक्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि २०१७ मध्ये, ते पदावर असताना, इलिनॉयने नवा कायदा केला. आता राज्याचा वाढीव पैसा आधी त्या डिस्ट्रिक्टांना जातो जिथे गरजेपेक्षा निधी कमी आहे. न्यू ट्रिअरसारख्यांना त्यातलं अगदी किरकोळ मिळतं. दरी बुजली का? नाही. न्यू ट्रिअरला राज्याच्या पैशांची गरज मुळात नव्हतीच.

बरं, खोटा पत्ता दिला तर? इलिनॉयमध्ये बाहेरच्या मुलाला मुद्दाम खोटी माहिती देऊन फुकट प्रवेश मिळवणं हा फौजदारी गुन्हा आहे, किरकोळ वर्गातला, पण गुन्हाच. ओहायो राज्यात, २०११ मध्ये अ‍ॅक्रन शहरातली एक आई नऊ दिवस तुरुंगात होती. तिने आपल्या दोन मुलींना शेजारच्या उपनगरातल्या शाळेत घालताना स्वतःच्या वडिलांचा पत्ता दिला होता. नंतर राज्यपालांनी गुन्ह्याचं स्वरूप सौम्य केलं. आपल्याकडे आरटीईच्या अर्जात घर ते शाळा अंतर मोजतात तेव्हा भाडेकरार कसे तयार होतात हे ऐकून असाल. तिथे त्यासाठी कोठडी.

आपल्या लोकांचा संबंध इथेच येतो. माझा कॉलेजचा मित्र कंपनीतर्फे शिकागोला गेला, एच-वन-बीवर. घर शोधताना मला रोज लिंका पाठवायचा. मला वाटलं हा ऑफिसचं अंतर बघत असेल. छे! पहिला फिल्टर स्कूल रेटिंग. दहापैकी नऊ, दहापैकी सात. रस्त्याच्या या बाजूला नऊ, त्या बाजूला सात, आणि भाड्यात फरक महिन्याला काही शे डॉलरचा. त्याची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती! न्यू ट्रिअरचा भाग त्याच्या बजेटबाहेर होता. शेवटी नेपरविलला गेला, तिथेही शाळा चांगल्या आणि भारतीय भरपूर. पालकांचा व्हिसा कोणता यावरून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर मुलाकडे कागदपत्रं नसली तरी नाही. तुम्ही देशाचे नागरिक आहात का हे शाळेला नकोय. विजेचं बिल आणि भाडेकरार दाखवा, बास.

त्या रेटिंगबद्दल माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. नऊ रेटिंगची शाळा चांगली शिकवते म्हणून नऊ आहे, की तिथे येणारी मुलं आधीच घरी पुस्तकं, ट्यूटर आणि शांत खोली असलेली आहेत म्हणून नऊ आहे, हे तो एक आकडा सांगूच शकत नाही. मला वाटतं दुसरं कारण बरंच मोठं आहे. पण मग अ‍ॅडव्हायजरीसारखी गोष्ट? तिला पूल लागत नाही. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक आणि रोजची थोडी सकाळ लागते. फक्त तेवढ्या शिक्षकांचा पगारही शेवटी त्याच घरपट्टीतून येतो, आणि एजवुडच्या २६ डॉलरमध्ये तो बसत नाही.

मित्राची मुलगी आता बालवाडीत आहे. परवा त्याने फोटो पाठवला, पिवळ्या बसच्या पायरीवर उभी. खाली लिहिलं होतं: 'शाळा फुकट, घरभाडं विचारू नकोस.'

पुढच्या भागात कम्युनिटी कॉलेज, म्हणजे अमेरिकेतलं स्वस्तातलं दोन वर्षांचं कॉलेज. तुमच्यापैकी कोणी किंवा ओळखीचं कोणी अमेरिकेत हायस्कूलला गेलं असेल, तर एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. लॉकर खरंच तेवढे जोरात आपटतात का, हे मला कधीचं विचारायचंय.